दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम : कोणते काम आधी, कोणते नंतर

सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये, संगणक संस्था आणि शेतीविषयक प्रशिक्षण देणारी केंद्रे आता सर्रास ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करतात. दिव्यांग विद्यार्थ्यांचा विचार त्यांपैकी अनेक ठिकाणी होतो, पण तो सर्वांत शेवटी होतो. व्हिडिओ चित्रित झालेले असतात, नोट्सच्या पीडीएफ चढवून झालेल्या असतात, चाचण्यांच्या तारखा जाहीर झालेल्या असतात आणि मग कोणीतरी विचारते की यात अंध किंवा कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी काय करता येईल. त्या वेळी करता येण्याजोगे फार थोडे उरलेले असते, म्हणून पानाच्या कोपऱ्यात अक्षर मोठे करण्याचे बटण लावून विषय मिटवला जातो. ज्याला मोठ्या अक्षरांची गरज आहे त्याच्या फोनमध्ये ती सोय आधीपासूनच असते, त्यामुळे या बटणाने कोणाचेच काही अडत नाही आणि कोणाचे काही सुटतही नाही.

खाली कामाचा क्रम दिला आहे. तो पाळण्याचे कारण असे की नोट्स, स्लाइड, व्हिडिओचे कॅप्शन, चित्रांचे वर्णन आणि चाचणी ही सगळी एकाच मूळ मजकुरातून निघतात. तो मजकूर सदोष असेल तर दोष पाचही ठिकाणी पोहोचतो आणि पाचही ठिकाणी वेगवेगळा दुरुस्त करावा लागतो.

समजण्यास सोपे जावे म्हणून एक उदाहरण पुढे सतत घेतले आहे. सांगोला, पंढरपूर आणि मंगळवेढा भागातील तरुणांसाठी डाळिंबावरील रोगांची ओळख करून देणारा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम आपण तयार करीत आहोत, असे समजावे.

## सुरुवात करण्यापूर्वी हाताशी काय असावे

विंडोज संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली, उतरवून घ्यावा. तो मोफत आहे आणि त्यातील ईस्पीक या आवाजात मराठी वाचता येते. अँड्रॉइड फोनमधील टॉकबॅक हा स्क्रीन रीडर सुरू करून किमान एक दिवस वापरून पाहावा, कारण आपल्या भागातील बहुसंख्य विद्यार्थ्यांकडे लॅपटॉप नसतो, फोनच असतो. टॉकबॅक सुरू असताना एकदा स्पर्श केल्यावर घटक निवडला जातो आणि दोनदा टिचकी मारल्यावर उघडतो. हे ठाऊक नसलेला शिक्षक फोन बिघडला असे समजून घाबरतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी टॉकबॅक बंद कसा करायचा हे सेटिंग्जमध्ये पाहून ठेवावे. रंगांतील फरक मोजण्यासाठी कलर कॉन्ट्रास्ट अॅनालायझर हे मोफत साधन पुरेसे आहे.

याहून अधिक काही विकत घेण्याची गरज सुरुवातीला नसते. संकेतस्थळावर एक ओळ टाकली की ते आपोआप सुगम्य, म्हणजे दिव्यांगांना वापरता येण्याजोगे, होते अशी जाहिरात करणारी साधने बाजारात आहेत. माझ्या मते त्यांवर पैसे घालवू नयेत. सदोष पीडीएफ ती दुरुस्त करीत नाहीत.

## टप्पा १ : गरज विचारा, टक्केवारी नव्हे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. त्या प्रत्येकासाठी वेगळा अभ्यासक्रम करायचा नसतो. नोंदणी अर्जात प्रकार व टक्केवारी विचारून आपल्या हाती काहीच उपयोगी लागत नाही, कारण ४० टक्के दृष्टिदोष असलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एक मोठ्या अक्षरांत वाचतो आणि दुसरा ऐकूनच शिकतो. त्याऐवजी पुढील गोष्टी विचाराव्यात : आपण वाचन कशाने करता, स्क्रीन रीडर, मोठी अक्षरे की अन्य कोणी वाचून दाखवते, व्हिडिओसाठी कॅप्शन हवे की भारतीय सांकेतिक भाषा, टंकलेखन हाताने करता की बोलून, चाचणीत जादा वेळ किंवा लेखनिक लागतो का, फोन वापरता की संगणक.

सोलापूर शहरात आणखी एक प्रश्न जोडावा, तो म्हणजे घरी कोणती भाषा बोलली जाते. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड आणि अनेक मोहल्ल्यांत उर्दू बोलणारी मुले मराठीत शिकतात. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला शिकण्याची भाषाही परकी असेल तर लांबलचक वाक्यांचा पाठ त्याच्यासाठी दुहेरी अडथळा ठरतो. कठीण संज्ञांची छोटी यादी प्रत्येक घटकाच्या आरंभी दिली तर या सगळ्यांचेच काम सोपे होते.

सावधान : ही माहिती खासगी असते. 'या विद्यार्थ्यांना जादा वेळ आहे' अशी यादी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची पद्धत ताबडतोब बंद करावी.

## टप्पा २ : मूळ मजकूर युनिकोडमध्ये आणा

मराठी अभ्यासक्रमांचे सर्वाधिक नुकसान येथे होते, म्हणून या टप्प्याला घाई करू नये. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा संकेत देणारी सर्वमान्य पद्धत.

अनेक प्राध्यापकांच्या नोट्स श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या असतात. पडद्यावर त्या शुद्ध मराठी दिसतात, मात्र आत साठवलेली अक्षरे रोमन असतात. फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही. तो आतली रोमन अक्षरे वाचतो आणि विद्यार्थ्याला निरर्थक आवाजांची माळ ऐकू येते. वर्डमधील सुगम्यता तपासणीलाही हा दोष सापडत नाही, कारण तिच्या दृष्टीने तो साधा रोमन मजकूर असतो.

ओळखण्याची पद्धत सोपी आहे. फाइलमधील एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सॲपच्या संदेशात चिकटवावा. मराठीच दिसले तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. रोमन अक्षरे व चिन्हे दिसली तर फाँट जुना आहे. पुढे या चाचणीला 'चिकटवून पाहणे' असे म्हटले आहे.

जुन्या फाँटमधील मजकुरासाठी परिवर्तक मिळतात. त्यांनी काम हलके होते, पण संपत नाही. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकलेला असतो. युनिकोडमध्ये क्रम उलटा असल्यामुळे परिवर्तनात नेमक्या याच जागा चुकतात. वेलांटी, रफार आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' असलेले शब्द शोधून एकेक तपासावेत. नव्याने टंकताना मंगल, निर्मला यूआय, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता यांपैकी कोणताही युनिकोड फाँट चालतो.

युनिकोडमध्ये टंकल्यावरही काही सवयी नडतात. विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे चिन्ह टंकण्याची सवय घरोघरी आहे. डोळ्यांना फरक कळत नाही, पण 'अंतःकरण' वाचताना स्क्रीन रीडर मध्येच थांबतो आणि शब्दाचे दोन तुकडे करतो. शीर्षक भारदस्त दिसावे म्हणून 'सू च ना' असे अक्षरांत जागा सोडून टंकले जाते. ते तीन सुटी अक्षरे म्हणून वाचले जाते. अंतर हवे असेल तर ते फाँटच्या सेटिंगमधून वाढवावे, स्पेसबारने नव्हे.

यानंतर भाषेची खूण करावी. वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून रिव्ह्यू टॅबमधून प्रूफिंगची भाषा मराठी ठेवावी. वेबपानावर भाषेचा संकेत 'एमआर' असावा. तो 'ईएन' राहिला तर इंग्रजी आवाज मराठी मजकूर वाचण्याचा प्रयत्न करतो किंवा वगळून पुढे जातो. चुकून 'एचआय' असेल तर मराठी वाक्ये हिंदीच्या वळणाने ऐकू येतात.

तपासणी : कोणतीही तीन पाने निवडून चिकटवून पाहावीत. मग पडदा बंद करून एनव्हीडीएने एक पान ऐकावे. ऐकून अर्थ लागला तरच पुढे जावे.

## टप्पा ३ : मजकुराला रचना द्या

दिसणारा विद्यार्थी पान चाळतो आणि जाड अक्षरांवर नजर टाकून हवा तो भाग गाठतो. स्क्रीन रीडर वापरणारा विद्यार्थी तेच काम एच ही कळ दाबून करतो. प्रत्येक दाबाला एनव्हीडीए वेबपानावरील पुढच्या शीर्षकावर जातो. शीर्षक केवळ ठळक व मोठे केलेले असेल तर ते त्याच्या हिशेबी शीर्षकच नसते आणि चाळीस पानांच्या नोट्स पहिल्या शब्दापासून ऐकत बसण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही.

वर्डमध्ये हेडिंग १, हेडिंग २ या शैली वापराव्यात. घटकाचे नाव हेडिंग १, रोगाचे नाव हेडिंग २, लक्षणे व उपाय हेडिंग ३, असा उतरता क्रम ठेवावा; आवडीचा आकार मिळतो म्हणून थेट हेडिंग ४ वर उडी मारू नये. याद्याही वर्डच्या क्रमांक-यादीनेच कराव्यात.

तक्त्यांबाबत एकच आग्रह आहे : तक्ता आडव्या-उभ्या माहितीसाठी असावा, पान सजवण्यासाठी नव्हे. डाळिंबाच्या बहरांचा तक्ता घेतला तर पहिल्या ओळीत 'बहर' आणि 'फुले येण्याचा काळ' ही शीर्षके येतील, खाली आंबे बहर व जानेवारी-फेब्रुवारी, मृग बहर व जून-जुलै, हस्त बहर व सप्टेंबर-ऑक्टोबर. पहिली ओळ 'हेडर रो' म्हणून नोंदवावी. दोन-तीन रकाने एकत्र करून मध्यभागी 'सोलापूर जिल्हा' असे लिहिण्याचा मोह टाळावा. एकत्र केलेल्या रकान्यांत ऐकणाऱ्याची दिशा हरवते. ते नाव तक्त्याच्या वर साध्या ओळीत लिहावे.

दुव्यांचे नाव बोलके असावे. 'इथे क्लिक करा' असे सात दुवे एका पानावर असतील तर दुव्यांची यादी उघडणाऱ्याला सात वेळा तेच ऐकू येते.

## टप्पा ४ : चित्रांचे वर्णन लिहा

वर्णन लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे की हे चित्र येथे कशासाठी आहे. शोभेचे असेल तर ते 'सजावटीचे' अशी खूण करावी, म्हणजे स्क्रीन रीडर ते वगळतो. शिकवण्यासाठी असेल तर विद्यार्थ्याने त्यातून काय ओळखायला शिकायचे आहे ते वर्णनात आलेच पाहिजे.

तेल्या या डाळिंबावरील जिवाणूजन्य रोगाच्या फळाचे छायाचित्र घ्या. 'डाळिंब' किंवा 'चित्र क्रमांक ३' असे लिहिणे निरुपयोगी आहे. 'रोगट डाळिंबाचे सुंदर छायाचित्र' यातही विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही. उपयोगी वर्णन असे होईल : 'पिकत आलेल्या डाळिंबाच्या सालीवर काळपट तपकिरी, किंचित तेलकट ठिपके, मोठ्या ठिपक्याच्या मधून साल इंग्रजी एल अक्षराच्या आकारात तडकलेली.' तडा हे ओळखीचे मुख्य लक्षण असल्याने ते शेवटी, लक्षात राहील अशा जागी आले आहे. पानाचे छायाचित्र असेल तर ठिपक्याभोवतीचे पिवळसर वलय नोंदवावे. वर्णन दोन वाक्यांपलीकडे जाऊ लागले तर उरलेली माहिती मुख्य मजकुरात आणावी. तिथे ती सर्वांनाच उपयोगी पडते.

वर्णन विषय शिकवणाऱ्यानेच लिहावे. संगणक विभागातील सहायकाकडे हे काम सोपवले की 'एक लाल फळ' अशी वर्णने येतात, आणि त्यात त्याचा दोष नसतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मसुदा देतात. तो शेतीतज्ज्ञाने वाचल्याशिवाय वापरू नये, कारण बुरशीजन्य ठिपका आणि तेल्याचा ठिपका यांतला फरक तेथे सहज पुसला जातो.

रंगांबाबत दोन नियम पाळावेत. साध्या आकाराच्या अक्षरांचा व पार्श्वभूमीचा फरक किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांचा ३ : १ असावा, डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए पातळीवर हेच प्रमाण आहे. पांढऱ्यावर पिवळे अक्षर यात बसत नाही हे कोणालाही पटते, पण पांढऱ्यावर शुद्ध तांबडे अक्षरही साध्या आकारात थोडक्यात नापास होते, आणि आपल्याकडे महत्त्वाच्या सूचना नेमक्या त्याच रंगात लिहिल्या जातात. गडद तांबडा घ्यावा. दुसरा नियम असा की अर्थ केवळ रंगावर टांगू नये. 'लाल ओळीतील औषधे वापरू नयेत' असे असेल तर त्या ओळींत 'वापरू नये' हे शब्दही लिहावेत.

तपासणी : पान कृष्णधवल छापून पाहावे. काही अर्थ हरवला तर तो रंगावर टांगलेला होता.

## टप्पा ५ : पीडीएफ सर्वांत शेवटी, आणि एकटी नव्हे

वर्डमधून पीडीएफ करताना 'सेव्ह ॲज' वापरावे आणि सुगम्यतेसाठी रचनेच्या खुणा ठेवण्याचा पर्याय चालू आहे का ते पाहावे. 'प्रिंट टू पीडीएफ' वापरले की टप्पा ३ मधील मेहनत वाया जाते, कारण शीर्षके व तक्ते यांच्या खुणा त्यात उरत नाहीत.

देवनागरीत आणखी एक अडचण येते. मूळ मजकूर युनिकोडमध्ये असूनही पीडीएफमधून कॉपी केल्यावर जोडाक्षरे तुटलेली किंवा वेलांट्या सरकलेल्या आढळतात. त्यामुळे तयार पीडीएफसुद्धा चिकटवून पाहावी आणि काहीही असले तरी सोबत वर्ड, वेबपान किंवा ईपब (ई-पुस्तकाची फाइल) यांपैकी एक स्वरूप द्यावे. अल्पदृष्टी विद्यार्थ्याला अक्षर मोठे केल्यावर ओळी आपोआप नव्याने बसणारे स्वरूप लागते; पीडीएफमध्ये त्याला प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत वाचावी लागते.

हस्तलिखित नोट्सचे मोबाइलवर फोटो काढून केलेली पीडीएफ म्हणजे केवळ चित्रे होत. छापील पाने असतील तर ती गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडल्यास मजकूर ओळखला जातो. त्यानंतर मुद्रितशोधन अटळ आहे. ध-घ आणि भ-म या जोड्यांत गल्लत होते आणि औषधाच्या प्रमाणातील अंक चुकला तर प्रकरण वाचनापुरते राहत नाही. हस्तलिखित मात्र सरळ पुन्हा टंकून घ्यावे. त्यात वेळ कमी जातो.

## टप्पा ६ : व्हिडिओ, आधी संहिता मग कॅमेरा

संहिता लिहून घेतल्याशिवाय चित्रीकरण करू नये. संहिता असेल तर कॅप्शन जवळजवळ तयार असते, सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला आधी देण्यासाठी कागद असतो आणि ज्याच्या गावात व्हिडिओ चालण्याइतके नेटवर्क नाही त्याला वाचायला पाठ मिळतो.

संहितेतून 'हे', 'ते', 'इथे', 'एवढे' हे शब्द हुडकून काढावेत. फळ्यासमोर उभे राहून शिकवणाऱ्याच्या तोंडी ते इतके बसलेले असतात की जाणवतही नाहीत. बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक शिकवताना नेहमीचे बोलणे असे असते : 'हे एवढं इकडे घ्यायचं, हे दुसऱ्या बादलीत, आणि मग दोन्ही असं ओतायचं.' न पाहणाऱ्याला यातून काहीच मिळत नाही. तेच असे बोलावे : 'एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात वेगळे विरघळवून घ्या, दुसऱ्या भांड्यात एक किलो चुन्याची निवळी तयार करा आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता. एकूण पाणी १०० लिटर.' असे बोललेल्या व्हिडिओला वेगळे ध्वनिवर्णन जोडावे लागत नाही, आणि जो विद्यार्थी शेतात फोन खिशात ठेवून ऐकतो त्यालाही पाठ पूर्ण मिळतो.

बोलताना चेहरा कॅमेऱ्याकडे असावा, तोंडासमोर हात किंवा माइक येऊ नये. ओठांच्या हालचालींवरून समजून घेणारे विद्यार्थी असतात. पार्श्वसंगीत टाळावे. एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लखलखणारी दृश्ये ठेवू नयेत, त्यांनी अपस्माराचा झटका येऊ शकतो.

## टप्पा ७ : कॅप्शन आणि सांकेतिक भाषा

आपोआप तयार झालेले कॅप्शन हा कच्चा मसुदा समजावा. रोगांची, औषधांची आणि गावांची नावे त्यात हमखास बिघडतात. संहितेतील मजकूर वेळेनुसार तोडून एसआरटी, म्हणजे कॅप्शन व त्यांच्या वेळा साठवणारी, फाइल करावी. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी असाव्यात आणि वाक्य अर्थाच्या जागी तोडावे. 'फवारणी सकाळी करावी, दुपारी करू' एवढे एका पडद्यावर आणि 'नये' पुढच्या पडद्यावर, असे होऊ देऊ नये. अर्थपूर्ण आवाज कंसात नोंदवावेत; वस्त्रोद्योगाच्या अभ्यासक्रमात '[यंत्रमाग थांबतो]' ही नोंद नसेल तर शिक्षक मध्येच का वळून पाहतो हे कर्णबधिर विद्यार्थ्याला कळत नाही.

सावधान : फाइल साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडावे. 'एएनएसआय' राहिले तर सगळी देवनागरी अक्षरे प्रश्नचिन्हे होतात आणि फाइल बंद केल्यावर ती परत मिळत नाहीत.

कॅप्शन दिले म्हणजे कर्णबधिरांची सोय झाली, हा समज अर्धाच खरा आहे. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. जो विद्यार्थी लहानपणापासून तिच्यात बोलतो त्याच्यासाठी लिखित मराठी ही नंतर शिकलेली भाषा असते. शक्य असेल तेथे दुभाषी घ्यावा. नवी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने सांकेतिक शब्दकोश व्हिडिओरूपात उपलब्ध केला आहे, त्यातून संज्ञा आधी ठरवून घेता येतात. ज्यांना रूढ खूण नाही, उदाहरणार्थ 'तेल्या', त्यांच्यासाठी कोणती खूण वापरायची हे दुभाषी व कर्णबधिर विद्यार्थी यांनी मिळून ठरवावे आणि पहिल्या पाठात ती दाखवावी. दुभाष्याची चौकट मोठी असावी. कोपऱ्यातील टिकलीएवढ्या चौकटीत बोटे दिसत नाहीत आणि चेहऱ्यावरील भाव तर नाहीच नाहीत, जे या भाषेचा भाग असतात. स्लाइडवरील मजकूर त्या चौकटीखाली झाकला जाणार नाही अशी जागा आधीच मोकळी ठेवावी.

सगळ्या व्हिडिओंसाठी खर्च परवडत नसेल तर ओळख, सुरक्षिततेच्या सूचना आणि चाचणीचे नियम या तीन व्हिडिओंपासून सुरुवात करावी, आणि राहिलेल्यांची तारीख लेखी द्यावी.

## टप्पा ८ : व्यासपीठावर मांडणी

अभ्यासक्रम चालवण्याचे ऑनलाइन व्यासपीठ मूडल असो वा गूगल क्लासरूम, प्रत्येक आठवड्याची मांडणी एकसारखी ठेवावी : आधी उद्दिष्टे, मग वाचन, मग व्हिडिओ, शेवटी चाचणी. स्वमग्न किंवा लक्ष टिकवण्यात अडचण असलेल्या विद्यार्थ्यांना हा ठरलेला क्रम मोठा आधार देतो. फाइलचे नाव 'फायनल नवीन २' असे न ठेवता 'आठवडा ३ तेल्या रोग वाचन' असे ठेवावे.

तपासणी : माउस बाजूला काढून ठेवावा. केवळ टॅब, एंटर आणि बाणांच्या कळांनी लॉगिनपासून चाचणीच्या पहिल्या प्रश्नापर्यंत पोहोचता आले पाहिजे आणि आपण कोठे आहोत हे प्रत्येक क्षणी पडद्यावर दिसले पाहिजे. लॉगिनला चित्रातील अक्षरे ओळखण्याची अट असेल तर अंध विद्यार्थी दारातच अडकतो. ती काढावी किंवा पर्याय द्यावा.

## टप्पा ९ : चाचण्या

आपल्या प्रश्नपत्रिकांचे दोन लाडके प्रकार येथे त्रास देतात.

'जोड्या लावा' हा प्रश्न अ गट व ब गट असा तक्त्यात मांडला जातो. स्क्रीन रीडर तक्ता ओळीने वाचतो, त्यामुळे अ गटातील पहिला शब्द आणि ब गटातील पहिला शब्द सलग ऐकू येतात, जणू ते एकमेकांचेच आहेत. विद्यार्थ्याला चुकीची जोडी आधी ऐकून ती डोक्यातून काढावी लागते. उपाय असा की अ गटातील प्रत्येक शब्द स्वतंत्र प्रश्न करावा आणि त्यापुढे ब गटाची उघडणारी यादी द्यावी. ओढून नेऊन सोडण्याचे प्रश्नही याच पद्धतीने बदलावेत. हात थरथरणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते नकोसे असतात.

'रिकाम्या जागा भरा' मध्ये टंकलेल्या आडव्या रेघा काही स्क्रीन रीडर वगळतात, काही रेघ-रेघ असे मोजत बसतात. तेथे 'रिकामी जागा' हे शब्द कंसात लिहावेत.

वेळेचा प्रश्न चाचणी लावतानाच सोडवावा. लेखी परीक्षांत ताशी किमान २० मिनिटे जादा देण्याचे प्रमाण रूढ आहे. त्या हिशेबाने ३० मिनिटांच्या चाचणीला ४० मिनिटे आणि तीन तासांच्या परीक्षेला चार तास होतात. मूडलमध्ये 'युजर ओव्हरराइड' वापरून ठरावीक विद्यार्थ्यांना जादा वेळ देता येतो आणि इतरांना ते दिसत नाही. साप्ताहिक सराव चाचण्यांना मात्र वेळेची मर्यादा लावूच नये असे माझे मत आहे. तेल्या ओळखता येतो की नाही हे पाहायचे आहे, दहा मिनिटांत ओळखता येतो की नाही हे नव्हे.

चित्रावरील प्रश्नात वर्णनानेच उत्तर फुटते, ही तक्रार रास्त आहे. तेथे रोगाचे नाव न घेता केवळ दिसणारी लक्षणे लिहावीत. पाहणारा लक्षणे डोळ्यांनी टिपतो, ऐकणारा कानांनी. निदान दोघांनाही स्वतःच करावे लागते.

## टप्पा १० : थेट वर्ग

पडदा सामायिक केला की तो स्क्रीन रीडरच्या दृष्टीने एक हलते चित्र असते. त्यावरील एकही शब्द त्याला वाचता येत नाही. म्हणून स्लाइड आदल्या दिवशी पाठवाव्यात. चॅटमधील प्रश्न मोठ्याने वाचून मग उत्तर द्यावे, बोलणाऱ्याने आधी नाव सांगावे आणि एका वेळी एकानेच बोलावे. दुभाषी असेल तर त्याची चौकट सर्वांच्या पडद्यावर स्थिर करावी आणि दीर्घ वर्गात त्याला विश्रांती द्यावी.

## टप्पा ११ : पहिला घटक तयार होताच प्रत्यक्ष तपासणी

सहाही आठवडे तयार होण्याची वाट पाहू नये. पहिल्या आठवड्याचा मजकूर, व्हिडिओ आणि चाचणी पूर्ण झाली की थांबावे आणि ती प्रत्यक्ष दिव्यांग विद्यार्थ्यांकडून वापरून घ्यावी : स्क्रीन रीडर वापरणारा एक, अल्पदृष्टी एक, कर्णबधिर एक आणि हाताच्या हालचालीत अडचण असलेला एक. त्यांच्या वेळेचे मानधन द्यावे. एनव्हीडीए चालवता येणारा डोळस शिक्षक त्यांची जागा घेऊ शकत नाही, कारण पडदा बंद केला तरी पान कसे दिसते हे त्याला आठवत असते.

'कसे वाटले?' असे विचारू नये. विद्यार्थी शिक्षकासमोर 'चांगले आहे, सर' असेच म्हणतात. त्याऐवजी काम द्यावे : पहिल्या आठवड्याचे वाचन शोधा, तेल्याची लक्षणे सांगा, चाचणी सोडवून जमा करा. आपण शेजारी गप्प बसावे आणि ते कोठे थांबतात, कोठे मागे जातात, कोठे दुसऱ्याला हाक मारतात हे टिपावे. सापडलेले दोष दुरुस्त करून त्यांच्याकडूनच पुन्हा पाहून घ्यावेत आणि त्यानंतर दुसऱ्या आठवड्याचे काम सुरू करावे.

## टप्पा १२ : अभ्यासक्रम सुरू झाल्यावर

अडचण कळवण्यासाठी एका व्यक्तीचे नाव, फोन आणि ईमेल पहिल्याच पानावर द्यावा आणि किती दिवसांत उत्तर मिळेल ते लिहावे. 'कार्यालयाशी संपर्क साधावा' एवढ्यावर भागवू नये. कर्णबधिर विद्यार्थ्याला फोन करता येत नाही, हे लक्षात घेऊन संदेशाचा मार्ग खुला ठेवावा.

सुगम्यता बहुधा मध्यावर बिघडते. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी घाईने नवी जोडपत्रिका चढवते, ती फोटोंची पीडीएफ असते आणि आधीची नीट केलेली फाइल तिच्याखाली पुसली जाते. चढवण्याचा अधिकार दोघांपुरता मर्यादित ठेवावा. नवी फाइल आधी चिकटवून पाहावी, टॉकबॅकवर तिचे एक पान ऐकावे, आणि ती या तपासणीत उत्तीर्ण होत नसेल तर दुरुस्त होईपर्यंत जुनीच फाइल जागेवर राहू द्यावी.